पूर्ण मार

भर उन्हात माणसाचा फोटो काढणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी घरच्याच कुणालातरी बारा वाजता अंगणात उभं करून बघावं. डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं दिसतात, नाकाखाली बायामाणसांनाही मिशी फुटते आणि हनुवटीखाली कुणीतरी कोळसा फासून गेल्यासारखं वाटतं. यावर उपाय एकच. उजेडात आणखी उजेड घालायचा. लख्ख ऊन असतानाच फ्लॅश मारायचा, म्हणजे तोंडावरच्या सावल्या भरून निघतात. हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणं महाकठीण. "एवढं ऊन आहे, वर फ्लॅश कशाला?" असं प्रत्येकजण विचारायचा, आणि फोटोताई सतरा वर्षं प्रत्येकाला तेच उत्तर देत आली होती, "ऊन तुमचं डोकं उजळतं. तोंड आम्ही उजळतो."

फोटोताई हे लोकांनी पाडलेलं नाव. नवरा लवकर गेला, पदरात पाच वर्षांची पोर, हातात एक कॅमेरा. स्टुडिओ टाकायची ऐपत नव्हती, म्हणून बाई उघड्यावर फोटो काढू लागली. बागेत, नदीकाठी, लोकांच्या गच्च्यांवर. आणि काढायची असे की स्टुडिओवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत.

यातलं अर्धं श्रेय तिच्या धाकट्या भावाचं. सहा फुटांच्या वर उंची, बोलायला कंजूष. बहिणीच्या डाव्या हाताला, चार पावलं पुढे तो उभा राहायचा. हातात लांब दांडी, दांडीच्या टोकाला फ्लॅश. गिऱ्हाइकांनी त्याला 'खांब' म्हणायला सुरुवात केली, मग ताईही म्हणू लागली, आणि भाचीचा तो 'खांबमामा' झाला. त्याने कधी राग धरला नाही. त्याने कधी मुंगीही चिरडली नाही. भाचीला शाळेत सोडताना वाटेतल्या गोगलगायी उचलून कडेला ठेवणारा माणूस तो.

दोघांची कामाची भाषा मात्र ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारी होती. फ्लॅश मारायचा तो किती जोराचा, एवढंच ताई त्याला सांगायची. सकाळच्या कोवळ्या उन्हात "पाव मार." दहा-साडेदहाला "अर्धा मार." आणि डोक्यावर ऊन आलं, सूर्य गिऱ्हाइकाच्या पाठीशी गेला, की "पूर्ण मार." घाईत असली की "आजीच्या तोंडावर अर्धा मार रे!" असं ओरडायची, आणि बिचाऱ्या आजी दचकून पदर सावरायच्या. मग सगळे हसायचे आणि त्या हसण्यातच ताई बटण दाबून मोकळी व्हायची.

खांबाची एक खोड होती. "मार" ऐकलं की दांडी वर जायची, आणि बटणाचा आवाज येईपर्यंत काही केल्या खाली यायची नाही. एकदा ताईने "मार" म्हटलं आणि नेमका फोन वाजला. बोलत बोलत ती पार झाडांपलीकडे गेली. अर्ध्या तासाने येऊन बघते तर गिऱ्हाईक बाकावर पेंगतंय आणि हा हात वर करून उभा, तोंड लालबुंद.

"अरे वेड्या, खाली ठेवायची की!"

"तू बटण कुठे दाबलंस?" तो म्हणाला.

त्याच्या या खोडीनेच त्याचा घात केला. एका मोठ्या कुटुंबाचा फोटो होता, तीस-पस्तीस माणसं, रणरणती दुपार. ताईने "पूर्ण मार" म्हटलं आणि तेवढ्यात मधल्या खुर्चीवर थोरल्या काकूंनी बसायचं की धाकट्या, यावरून भांडण जुंपलं. ताई समजूत काढायला मध्ये पडली. चाळीस मिनिटं गेली. फोटो झाला, दांडी खाली आली, आणि संध्याकाळी खांबाला उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलच्या खाटेवर त्याला शुद्ध नव्हती, पण हात सारखा वर जायचा. नर्सने दोनदा खाली ठेवला, मग पट्टीने बांधला. तिसऱ्या दिवशी तो गेला. ताईने त्यानंतर चार महिने कॅमेऱ्याला हात लावला नाही. भाऊ आपल्यामुळे गेला हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पण घर चालवायला हवं होतं. पाचव्या महिन्यात तिने पहिलं काम घेतलं. एक रिटायर झालेले पोस्टमन आणि त्यांची बायको, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून बागेत फोटो. सकाळचे नऊ. फ्लॅश तिने आता कॅमेऱ्याच्याच डोक्यावर बसवला होता. म्हातारा-म्हातारीला झाडाखाली उभं केलं, डोळा लावला, आणि सतरा वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "पाव मार."

बटण दाबलं. फाट्कन आवाज झाला.

पोस्टमनआजोबांची मान एका बाजूला वळली. टोपी उडून गवतात पडली. गालावर हात ठेवून ते बायकोकडे बघत राहिले.

"मला का मारलंस?"

"मी? मी कशाला मारू? एवढ्या वर्षांत मारलं नाही ते आज मारीन?"

"मग कुणी मारलं?"

यावर दोघांचं असं काही जुंपलं की ताईला हसू आलं. गालावर लाल वळ उठला होता खरा. मधमाशी असेल, ताई म्हणाली. आजी म्हणाल्या, यांना सहानुभूती गोळा करायची सवयच आहे.

घरी येऊन तिने फोटो मोठा करून पाहिला तेव्हा हसू मावळलं. फोटो अप्रतिम होता. आजोबांच्या सुरकुत्यांमधली सावली हलक्या हाताने भरलेली, डोळ्यांत एक-एक बारीक चमक. पण ती चमक बुबुळांच्या कडेला होती. उजेड डावीकडून आला होता, चार पावलं पुढून, वरून. आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तर ती सुरू करायलाच विसरली होती.

तिने स्वतःलाच समजावलं की बागेत कुठेतरी काच असेल, तिच्यावरून ऊन परतलं असेल. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो.

पुढच्या आठवड्यात लाकडाच्या वखारीतलं काम आलं. मालक आणि त्यांचा मेहुणा, दोघं भागीदार, नव्या बोर्डसाठी दोघांचा फोटो हवा होता. दोघांचं आपसात पटत नाही हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं. मध्ये आणखी एक माणूस मावला असता. अकरा वाजत आले होते. मागे फळ्यांच्या थप्प्या, पायाखाली भुसा, ताज्या चिरलेल्या लाकडाचा ओला वास. ऊन पाठीमागून येत होतं आणि मालकांचं तोंड अंधारात गेलं होतं. ताईचं सगळं लक्ष त्या तोंडात.

"जरा जवळ या की दोघं... हं, मालक, इकडे बघा... अर्धा मार."

बटण दाबलं आणि फळी मधोमध मोडावी तसा आवाज झाला.

मालकांचा जबडा एका बाजूला गेला आणि तिथेच राहिला. तोंड मिटेना. त्यातून रक्त आणि त्याबरोबर दोन दात खाली भुशात पडले. त्या दातांकडे ते क्षणभर बघत राहिले, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. मग त्यांनी मान वर करून, मार आला त्या बाजूला उभ्या असलेल्या मेहुण्याकडे पाहिलं.

"अहो, मी नाही..." मेहुणा म्हणाला.

मालकांना बोलता येत नव्हतं. त्यांनी थप्पीतून लाकडाची एक लांब रिप ओढली आणि मेहुण्याच्या खांद्यावर घातली. दुसरा घाव डोक्यात बसला. रिप मोडली तेव्हा त्यांनी दुसरी उचलली. हिच्या टोकाला खिळा होता. मेहुणा दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसला, तरी ते मारतच राहिले, घशातून घुर्र घुर्र आवाज करत, आणि प्रत्येक घावाला त्यांचा लोंबणारा जबडा हलत होता. मेहुण्याचा कान अर्धा फाटून मानेवर आला. मग तोही पिसाळला. त्याने मालकांचे पाय धरून त्यांना आडवं केलं, छातीवर बसला आणि मुठीने त्या मोडक्या जबड्यावरच मारू लागला. लाकूड चिरणारे कामगार मशीन बंद करून धावत येईपर्यंत भुशाचा लाल चिखल झाला होता.

पोलीस आले. तुम्ही तर समोरच होता, पहिला हात कुणी उचलला, असं त्यांनी ताईला विचारलं.

"मी कॅमेऱ्यातून बघत होते साहेब," ताई म्हणाली. "बाजूचं काही दिसलं नाही मला."

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. कॅमेऱ्यातून तिला मेहुण्याचे दोन्ही हात दिसत होते. छातीवर घडी घातलेले. आणि आपल्या डाव्या हाताला, चार पावलं पुढे पाहायची तिची छाती होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेक कामाला गेल्यावर ताईने परसात एका स्टुलावर पाण्याचा जुना माठ ठेवला. चार पावलं मागे आली. बटण दाबलं. काही नाही.

"पाव मार," ती पुटपुटली, आणि थांबली. काहीच झालं नाही. माठ तसाच. तिच्या जिवात जीव आला. मग तिने बटण दाबलं, आणि माठ स्टुलावर गर्रकन एक फेरी फिरला. "अर्धा मार." बटण. माठाला गळ्यापासून बुडापर्यंत तडा गेला आणि पाणी झिरपू लागलं. मग तिसरा शब्द. "पूर्ण मार." बटण दाबलं तेव्हा माठ नव्हता, स्टूल नव्हतं, आणि मागच्या भिंतीत विटेच्या आकाराचा खड्डा पडला होता. खापऱ्या शेजारच्या अंगणापर्यंत गेल्या.

ती तिथेच मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. भीतीने नव्हे, किंवा नुसत्या भीतीने नव्हे. तिला सगळं कळलं होतं. तो आला होता कामावर. ताईने "मार" म्हटलं की हात वर, बटणाचा आवाज आला की काम. फक्त त्याच्या हातात आता फ्लॅश कुठे होता? रिकाम्या हाताने जेवढं होतं तेवढं तो करत होता. उजेड तर कुठूनसा आणतच होता बिचारा. आपल्या हातून काय होतंय हे त्याला ठाऊकच नसणार.

"खांबा," ती रिकाम्या परसाला म्हणाली, "आता घरी जा रे... काम संपलं आपलं."

दोरीवर वाळत घातलेली चादर हलली, तिच्या टाचेपर्यंत सावली सरकली आणि पुन्हा मागे गेली. तो ऐकत नव्हता. त्याला कळणारे शब्द तीनच होते.

त्यानंतर ताईने तोंडाला कुलूप घातलं. काम सोडून चालणार नव्हतं, तेव्हा तिने युक्ती काढली. फोटो काढताना जिभेखाली लिमलेटची गोळी ठेवायची आणि गोळी विरघळेपर्यंत बोलायचंच नाही. हाताने खुणा करायच्या. गिऱ्हाइकांना वाटलं बाई भावाच्या दुःखाने अबोल झाल्या. दोन महिने असे गेले. कुणाला ओरखडाही उठला नाही. फ्लॅश वापरायचाही तिला धीर होत नव्हता, त्यामुळे फोटो मात्र साधारणच यायचे. लोकांच्या डोळ्यांत काळी भोकं राहायची.

लेकीला तिने यातलं काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार? ज्याच्या खांद्यावर बसून ती जत्रा, मिरवणुका बघत मोठी झाली, ज्याच्या फोटोला ती रोज सकाळी "येते मामा" म्हणून निघायची, त्याच्याबद्दल हे सांगायचं? राहून गेलं. ताईची चूक म्हणाल तर ही एकच, आणि ती मायेपोटी झाली.

मग लेकीला लांबच्या शहरात नोकरी लागली. निघायच्या दिवशी साडेअकराला स्टेशनवर न्यायला गाडी यायची होती. सामान बांधून झालं, डबा भरून झाला, आणि पोरीने हट्ट धरला.

"आई, जगाचे फोटो काढतेस, माझा शेवटचा कधी काढलास आठवतंय? चल, अंगणात. पाच मिनिटं."

"गेल्यावर काढ तिकडे कुणाकडून."

"तिकडे माझी आई नाहीये."

यावर कुठली आई नाही म्हणेल? ताईने मनाशी हिशेब केला. फ्लॅश घ्यायचा नाही. जिभेखाली गोळी. समोर खुर्चीवर पांढरी चादर टाकली की तिच्यावरून परतणारा उजेड पुरेल. शब्द उच्चारला नाही तर काही होत नाही, हे दोन महिने तपासलेलं होतं. तिने कॅमेरा तिपाईवर लावला.

लेक दोरीपुढे उभी राहिली. पाठीमागे ऊन, केसांच्या कडा सोन्यासारख्या पेटलेल्या. आणि तोंड काळं. ताईने चादर पुढे ओढली, मागे ओढली. काळं ते काळंच. तिने अंगठा वर करून 'चालेल' अशी खूण केली आणि बटणावर बोट टेकलं.

"चेहरा काळा येतोय ना?" लेक हसत म्हणाली. "तुझ्या तोंडावरूनच कळतंय. मामा असता तर..."

ताईने जोरजोरात मान हलवली. पण आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं पोरीला दिसलं, आणि आईला हसवायला ती जे लहानपणापासून करायची तेच तिने केलं. आईची नक्कल. ही नक्कल इतकी हुबेहूब असायची की शेजारपाजारचे फसायचे, मामा तर दरवेळी फसायचा. तिने कमरेवर हात ठेवला, हनुवटी वर केली आणि आईच्या खणखणीत आवाजात ओरडली,

"अरे खांबा, झोपलास काय? हिच्या तोंडावर पूर्ण मार!"

गोळी ताईच्या घशात गेली. तिने बटणावरचं बोट चटका बसल्यासारखं ओढून घेतलं. वारा नव्हता, पण दोरीवरचे कपडे डावीकडून एकामागोमाग एक वर उचलले गेले, उंच माणूस खालून वाकून जाताना उचलतो तसे, आणि लेकीच्या अलीकडे येऊन थांबले. शेवटचा टॉवेल खाली पडला नाही. तो तसाच अधांतरी उचललेला राहिला.

"सोड," ताई खोकत म्हणाली. "सोड रे... ऐकलंस का? सोड..."

टॉवेल हलला नाही.

"आई? काय झालं? कुणाशी बोलतेस?"

ताईने धावत जाऊन लेकीला ओढून घरात आणलं. दार लावलं. आणि मग सगळं सांगितलं. पोस्टमन, वखार, माठ, भिंतीतला खड्डा. लेक ऐकता ऐकता रडायला लागली, पण ती भुताला घाबरून नव्हे.

"मामा? आपला मामा लोकांना मारतो?"

"तो मारत नाही गं. तो काम करतो."

"आई, तू खूप दिवस एकटी सोसलंस. डॉक्टरला दाखवू या का आपण?"

"दाखवू. पण आधी हे निस्तरू दे." ताईच्या डोक्यात एकच विचार होता. हात वर गेला आहे, तो बटण वाजल्याशिवाय खाली येणार नाही. तर मग तो आपल्यावर येऊ दे. तिने लेकीला पुन्हा अंगणात नेऊन कॅमेऱ्यामागे उभं केलं, बटण आपोआप वाजायला दहा सेकंदांची वेळ लावली आणि पोर उभी होती त्याच जागी स्वतः जाऊन उभी राहिली. डोळे घट्ट मिटले. भावाच्या हातून मरण आलं तर ते न्यायाचंच होईल, असं तिला मनापासून वाटलं.

बटण वाजलं. काहीच झालं नाही.

"बघ," लेक हुंदका आवरत म्हणाली. "झालं का काही?"

ताईने फोटो पाहिला. तिचं तोंड काळं होतं, कोळशासारखं. तिच्यासाठी उजेड नव्हता. आणि तेव्हा तिला शब्द आठवले. पोरीने नुसतं "मार" म्हटलं नव्हतं. "हिच्या तोंडावर" म्हणाली होती. खांब हुकुमाचा पक्का होता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"जाऊ नकोस," ताई म्हणाली.

"आई, उद्या सकाळी हजर व्हायचंय मला. नाही गेले तर नोकरी गेली."

"मग फोन दे इकडे. कुणी फोटो काढता कामा नये तुझा. कुणीच नाही. आयुष्यात नाही."

"तिकीट फोनमध्ये आहे! बरं, नाही काढणार. कुणाला काढू देणार नाही. शप्पथ. तुझी शप्पथ, झालं?"

"मीही येते तुझ्याबरोबर."

"चल. खरंच चल," लेक म्हणाली, आणि आईच्या गालावरचं पाणी तिने ओढणीने पुसलं. "मी सामान चढवते. तू पर्स घे, घराला कुलूप लाव, ये. घाई नको."

ताईने पर्स घेतली. मागचं दार लावलं. गॅस बघितला. चप्पल एक सापडली, दुसरी खाटेखाली गेली होती. ती वाकली, चपलेला हात लागला, आणि रस्त्यावरून आवाज आला. वरच्या मजल्यावरून दगडी पाटा खाली टाकावा तसा. लगेच काचा. मग काही क्षण काहीच नाही, आणि मग ड्रायव्हरचं किंचाळणं.

ती एका पायात चप्पल घालून धावली. गाडीचं डाव्या बाजूचं दार धड होतं, त्याची काच वर केलेली, तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता. उजव्या बाजूचं दार आतून फुगून बाहेर आलं होतं आणि तिकडची काच रस्ताभर पसरली होती. ड्रायव्हर रस्त्याच्या मधोमध गुडघ्यावर बसला होता, दोन्ही हात डोक्याला.

"मी पुढे बघत होतो हो बाई... आत कुणी नव्हतं... त्या एकट्याच बसल्या होत्या... आई येतेय, दोन मिनिटं थांबा म्हणाल्या... एवढंच..."

ताईने आत पाहिलं. लेक सीटवर उजवीकडे कलली होती. तिची ओढणी, तिचा नवा ड्रेस, सकाळी ताईनेच घातलेली वेणी. वेणी होती. जिथे चेहरा असायला हवा, तिथे चेहरा म्हणता येईल असं काही उरलं नव्हतं. छताला, पुढच्या सीटच्या पाठीला, सगळीकडे ते उडालं होतं, आणि अजून थेंब थेंब गळत होतं.

ताईचा हंबरडा घशापर्यंत आला आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. आता आपण काहीही बोललो तरी कुणीतरी ते ऐकेल, एवढंच तिला कळत होतं. आणि त्या तशा अवस्थेतही तिला पोरीचा भयंकर राग आला. शप्पथ घेतली होतीस ना गं? माझी शप्पथ घेतली होतीस. दोन मिनिटं दम निघाला नाही तुला? कशाला काढलास फोटो?

पर्समध्ये तिचा फोन थरथरला.

लेकीच्या नंबरवरून फोटो आला होता. लेक गाडीत बसलेली, पाठीमागच्या काचेतून ऊन, केसांच्या कडा पेटलेल्या. आणि चेहरा! कपाळापासून हनुवटीपर्यंत मऊ, भरलेला उजेड, कुठे सावलीचा ठिपका नाही, दोन्ही डोळ्यांत एक-एक चमक. ताईने आयुष्यात काढलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा तो चांगला होता. लेक घराच्या दाराकडे बघत होती, आई येते का ते पाहत असावी.

ताईने फोटो मोठा केला आणि खाली सरकवला. फोटो डाव्या दाराच्या बाहेरून, सहा फुटांच्याही वरून काढलेला होता. लेकीने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, शाळेतल्या शहाण्या मुलीसारखे, आणि तिचा फोन त्या हातांखाली पालथा होता.